खर्च कोणाच्या वहीत?

१८७४ साली इंग्लंडच्या सरकारने हिशेबाचा एक छोटासा निर्णय घेतला. स्थानिक मंडळाने एखाद्या गरीब मनोरुग्णाला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, तर त्याच्यामागे आठवड्याला चार शिलिंग सरकारी तिजोरीतून मिळू लागले. तोच माणूस वर्कहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या गरीबखान्यात, राहिला तर हे चार शिलिंग मिळत नसत. एरवी गरीबखान्यात माणूस ठेवणं इस्पितळापेक्षा स्वस्त पडे. अनुदानाने हा फरक बराचसा बुजला आणि कोपऱ्यात शांत बसून राहणारे, थकलेले, विसराळू झालेले लोकही इस्पितळांकडे रवाना होऊ लागले. पुढच्या काही दशकांत ही इस्पितळं तुडुंब भरली. त्याला कारणं अनेक होती, पण चार शिलिंग हे त्यांतलं एक होतं.

नव्वद वर्षांनी अमेरिकेत हेच उलट्या दिशेने घडलं. १९५५ साली तिथल्या राज्य सरकारांच्या मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसं होती. १९८० पर्यंत ती दीड लाखाच्याही खाली आली. नवी औषधं आली होती, नागरी हक्कांची चळवळ होती, इस्पितळांतल्या हालअपेष्टांच्या बातम्या होत्या. आणि १९६५ सालचा मेडिकेडचा कायदाही होता. त्यानुसार ऐन वयातल्या माणसाच्या मनोरुग्णालयातल्या मुक्कामासाठी केंद्र सरकार पैसे देणार नव्हतं. तोच माणूस नर्सिंग होममध्ये असला, तर त्यासाठी मात्र केंद्राचा वाटा मिळत होता. राज्यांनी हिशेब केला आणि असंख्य म्हातारे रुग्ण एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेले. याला 'समाजात परतणं' असं नाव मिळालं.

तीव्र मानसिक आजार असलेल्या माणसाला घरी सांभाळणं स्वस्त की इस्पितळात, हा प्रश्न गेली दीडशे वर्षं विचारला जातो आहे. उत्तरं वेगवेगळी आली, कारण वहीतले रकाने दर वेळी वेगळे आखलेले होते. मला हा इतिहास त्या रकान्यांचा इतिहास म्हणून वाचावासा वाटतो.

मी डॉक्टर नाही, अर्थशास्त्रज्ञही नाही. भाषांतर हा माझा व्यवसाय, आणि या विषयाकडे मी एका शब्दामुळे आले. काही वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थेसाठी मनोरुग्णांच्या कुटुंबीयांना विचारायच्या प्रश्नांचा मराठी मसुदा मी करत होते. इंग्रजी मसुद्यात रुग्णाचा कुटुंबावर पडणारा 'बर्डन' मोजायचा होता. मराठीत भार आहे, ओझं आहे, बोजा आहे. हिंदीत बोझ, कन्नडात होरे, तमिळमध्ये सुमै. शब्दांची कमतरता कुठल्याच भाषेत नाही. पण 'मुलाचं तुम्हांला ओझं वाटतं का?' असं आपल्याकडच्या कुठल्या आईला विचारणार? ती 'नाही' म्हणेल आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहील. त्याऐवजी 'त्याचं कोण करतं?' असं विचारलं, तर उत्तर ताबडतोब मिळतं. 'मीच करते.'

काय करते, हे त्या वाक्यात नसतं. मराठीतल्या या 'करण्या'ला कर्म लागत नाही. सासूचं केलं, दिराचं केलं, म्हाताऱ्यांचं करायला कोणी नाही. आंघोळ घालणं, गोळ्या चुकवल्या तर समजूत काढणं, रात्री दाराची कडी वाजली की उठणं, शेजाऱ्यांना उत्तरं देणं, हे सगळं त्या एका क्रियापदात मावतं. ज्याला कर्म नाही त्याला रकानाही मिळत नाही, असं मला तेव्हा वाटलं. मराठीत खर्च आणि किंमत हे दोन शब्द वेगळे आहेत, तेही त्या कामात लक्षात आलं. इंग्रजीत दोन्हींसाठी बहुतेक वेळा 'कॉस्ट' हा एकच शब्द येतो. आपल्याकडे खर्च लिहितात आणि किंमत मोजतात.

माझ्या आजीची जमाखर्चाची वही घरात आहे. तिचे धाकटे दीर विशीत असताना आजारी पडले आणि पुढे घराच्या मागच्या खोलीत राहिले. वहीत 'भाऊजींच्या गोळ्या' आहे, 'डॉक्टरकडे, एस.टी. भाडं' आहे, एका महिन्यात 'खिडकीची काच' आहे. आजी धाकट्या बहिणीच्या लग्नाला जाऊ शकली नाही, कारण चार दिवस भाऊजींचं करणार कोण, ते वहीत नाही. तिच्या हिशेबात पैची चूक सापडत नसे. ज्या गोष्टींना पैसे पडले नाहीत, त्या तिने लिहिल्या नाहीत एवढंच. मोठमोठ्या समित्यांनी आणि सरकारांनीही तेच केलं आहे.

आपल्या देशात ही तुलना सुरू झाली ती टंचाईतून. सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल १९४६ साली आला. तेव्हा सुमारे चाळीस कोटी लोकसंख्येला मनोरुग्णालयांतल्या खाटा होत्या दहा हजारांच्या आसपास, म्हणजे चाळीस हजार माणसांमागे एक. इंग्लंडमध्ये तीनशे माणसांमागे एक खाट होती. समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी एकोणीस इस्पितळांची पाहणी केली. उपचारापेक्षा कोंडून ठेवण्यावर भर आणि कर्मचाऱ्यांची लाजिरवाणी कमतरता, असा त्यांचा निष्कर्ष होता. पश्चिमेकडे भरलेली इस्पितळं रिकामी करायची होती. आपल्याकडे ती मुळात पुरेशी नव्हतीच. बहुतेक रुग्ण घरीच होते, किंवा देवस्थानात, किंवा रस्त्यावर. 'घर की इस्पितळ' हा पर्याय फार थोड्यांपुढे होता.

या टंचाईतूनच एक वेगळी वाट निघाली. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारातल्या मोकळ्या जागेत तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलावलं. इस्पितळ गच्च भरलेलं होतं आणि माणसं अपुरी होती. नातेवाईक रुग्णाजवळ राहू लागले, डॉक्टरांशी बोलू लागले, एकमेकांशी बोलू लागले. आजार म्हणजे काय, गोळ्या का थांबवायच्या नाहीत, हे त्यांना समजू लागलं. त्यांची भीती कमी झाली आणि रुग्णही लवकर घरी जाऊ लागले. वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रानेही त्याच दशकाच्या अखेरीपासून रुग्णाबरोबर घरचं माणूस राहील अशी पद्धत ठेवली. घर आणि इस्पितळ यांच्यामधली भिंत इथे थोडी पातळ झाली. आता ही गोष्ट सांगताना घरच्या माणसांच्या प्रेमाचा उल्लेख हटकून होतो. त्यांच्या श्रमांमुळे कर्मचाऱ्यांची तूट भरून निघाली, ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

त्यानंतरचा टप्पा बंगळुरूचा. मी ज्या शहरात वीस वर्षं राहते तिथल्या होसूर रस्त्यावर निमहान्सचं आवार आहे. जुनं मनोरुग्णालय आणि १९५४ साली सुरू झालेली मानसिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था यांच्या एकत्रीकरणातून १९७४ साली ही संस्था उभी राहिली. शैला पै आणि रवी कपूर यांनी इथे केलेलं काम मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत प्रामाणिक हिशेबाचं काम वाटतं. १९८१ साली त्यांनी कुटुंबावर पडणारा भार मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात सहा भाग आहेत: पैशाचा ताण, घरच्या रोजच्या कामांत पडणारा खंड, विरंगुळ्याच्या वेळा, घरातल्यांचे आपसातले संबंध, इतरांच्या शरीरावर होणारा परिणाम आणि त्यांच्या मनावर होणारा परिणाम. आजीच्या वहीत जे नव्हतं, त्यातलं बरंचसं या सहा भागांत येतं. आजही जगभर ही प्रश्नावली वापरली जाते.

मग त्यांनी तुलना केली. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे, एकमेकांशी जुळणारे दोन गट घेतले, प्रत्येकात सत्तावीस जण. एका गटाला इस्पितळात दाखल केलं. दुसरा गट घरीच राहिला आणि त्यांच्याकडे एक परिचारिका नियमित जाऊ लागली. सहा महिने ठरावीक अंतराने आजाराची लक्षणं, रुग्णाचं समाजातलं वागणं, कुटुंबावरचा भार आणि उपचाराचा खर्च, हे सगळं नोंदवलं गेलं. १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरच्या गटातले रुग्ण अधिक बरे होते, त्यांचं वागणं अधिक सुधारलं होतं, कुटुंबावरचा भार बराच कमी झाला होता आणि खर्चही कमी आला होता.

या चार निष्कर्षांतला शेवटचा सर्वांत जास्त लक्षात राहिला. तिसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रुग्ण घरी असूनही कुटुंबाचा भार कमी झाला, याचं कारण नुसतं घर नव्हतं. घर तर आधीपासून होतंच, आणि त्याच घरातली माणसं हात टेकून इस्पितळाच्या दारी आली होती. नवीन होती ती दारावर येणारी परिचारिका. गोळ्यांकडे तिचं लक्ष होतं, आणि आज जे घडलं ते आजारामुळे की हट्टामुळे, हे सांगणारं कोणीतरी घरच्यांना मिळालं होतं.

परदेशातल्या दोन तुलना शेजारी ठेवल्या, की हे अधिक स्पष्ट होतं. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ग्रॅड आणि सेन्सबरी यांनी दोन गावांच्या सेवा तपासल्या. चिचेस्टरमध्ये रुग्णांना शक्यतो समाजातच ठेवून उपचार होत, सॉल्सबरीत जुन्या पद्धतीने इस्पितळात. फार मोठा भार असलेल्या कुटुंबांना दोन्हीकडे सारखाच दिलासा मिळाला. मध्यम भार असलेल्या कुटुंबांना मात्र सॉल्सबरीत अधिक सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे इस्पितळाबाहेर ठेवणं हेच कुटुंबाला सोपं जातं, असं नाही.

दुसरी तुलना अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरातली. तिथे स्टाइन आणि टेस्ट यांनी रुग्णांना इस्पितळाबाहेर, शहरातच आधार देण्याचा कार्यक्रम चालवला. वाइसब्रॉड या अर्थशास्त्रज्ञाने त्याचा हिशेब मांडला, तो १९८० साली प्रसिद्ध झाला. एका रुग्णामागे वर्षाचा खर्च बाहेरच्या कार्यक्रमात सुमारे ८,१०० डॉलर आला आणि इस्पितळावर आधारलेल्या पद्धतीत सुमारे ७,३००. बाहेर ठेवणं आठशे डॉलरांनी महाग पडलं. पण बाहेरच्या रुग्णांची कमाई साधारण बाराशे डॉलरांनी जास्त होती. दोन्ही धरून हिशेब कार्यक्रमाच्या बाजूने झुकला.

एकाच सुमाराच्या या दोन प्रयोगांपैकी बंगळुरूत इस्पितळाबाहेरचा उपचार स्वस्त ठरला आणि मॅडिसनला महाग. रुपया आणि डॉलर, पगारांचे दर, कार्यक्रमांचा कालावधी, सगळंच वेगळं होतं, त्यामुळे आकडे थेट एकमेकांसमोर ठेवता येत नाहीत. पण कामांची यादी ठेवता येते. मॅडिसनचे कर्मचारी दिवसरात्र उपलब्ध असत. ते रुग्णांच्या खोल्यांवर जात, त्यांना बाजारहाट करायला, कपडे धुवायला, स्वयंपाक करायला शिकवत, नोकरीच्या ठिकाणी सोबत करत. हे सगळं पगारी काम होतं, म्हणून ते हिशेबात आलं. बंगळुरूत परिचारिका येऊन जाई. ती गेल्यावर उरलेला दिवस आणि सगळी रात्र कोणाची तरी आई, बायको किंवा बहीण सांभाळत असे. मॅडिसनच्या खर्चात जो पगार दिसतो, तो बंगळुरूच्या खर्चात दिसत नाही, कारण तो कोणी दिलेलाच नव्हता. पै आणि कपूर यांनी निदान ते काम भार म्हणून मोजलं. पुढच्या धोरणकर्त्यांनी तेवढंही केलं नाही.

ज्या वर्षी हा अभ्यास आला, त्याच १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. बेळ्ळारी जिल्ह्यातल्या प्रयोगाच्या आधारे १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत औषधं आणि प्रशिक्षण नेण्याचा विचार मोलाचाच होता. पण त्यात रुग्णाने आरोग्य केंद्रात यायचं होतं. आरोग्य केंद्राने रुग्णाच्या घरी जाणं हा त्याचा कणा कधीच झाला नाही. बंगळुरूच्या प्रयोगातून देशाने घर घेतलं आणि परिचारिका मागे ठेवली.

त्याचा परिणाम कुटुंबांच्या खिशात दिसतो. २०१५-१६ साली निमहान्सने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. मुख्यतः उपचार आणि त्यासाठीचा प्रवास यांवर कुटुंबांचे महिन्याला हजार ते दीड हजार रुपये जात असल्याचं त्यात आढळलं. सरकारी औषध फुकट मिळालं, तरी ते आणायला एक दिवस मोडतो, दोघांचं भाडं लागतं, आणि सोबत जाणाऱ्याची रोजंदारी बुडते. आरोग्यखात्याच्या वहीत ही रोजंदारी येत नाही.

इथे इस्पितळाची बाजूही मांडायला हवी, कारण 'घर चांगलं, इस्पितळ वाईट' हा सोपा निष्कर्ष आपल्याला फार आवडतो. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या अशा आश्रयगृहांत त्यांच्या घरच्यांनीच त्यांना आणून सोडलं होतं. त्या घरच्यांना क्रूर म्हणणं सोपं आहे. पण जवळपास इस्पितळ नसलेल्या, घरी कोणी परिचारिका येत नसलेल्या, दोघांपैकी एकाने कामावर गेल्याशिवाय चूल न पेटणाऱ्या घरापुढे आणखी कोणता दरवाजा उघडा होता? आग लागेपर्यंत हा बंदोबस्त सगळ्यांनाच स्वस्त पडत होता. सरकारला तर तो फुकटच होता.

दुसरीकडे, बरे होऊनही वर्षानुवर्षं सरकारी मनोरुग्णालयांत राहिलेली माणसं आहेत, कारण त्यांना न्यायला कोणी येत नाही. त्यांना घर या शब्दाचा आधारच नाही. चेन्नईच्या बनियन या संस्थेने गेल्या दशकात अशांसाठी 'होम अगेन' हा कार्यक्रम सुरू केला. चारपाच जणांनी साध्या वस्तीत भाड्याचं घर घ्यायचं, सोबतीला पगारी मदतनीस ठेवायचे. इथे घर आहे, पण ते कोणाच्या सुनेच्या जिवावर चालत नाही. बेल्जियमच्या गील या गावात तर शतकानुशतकं मनोरुग्ण गावकऱ्यांच्या घरांत राहत आले आहेत, आणि सांभाळणाऱ्या कुटुंबाला त्याचा मोबदला मिळतो. परक्याचं केलं तर ते काम ठरतं आणि आपल्या माणसाचं केलं तर कर्तव्य, ही रेघ आपण फार घट्ट ओढली आहे. ती पुसता येते, हे केरळच्या 'आश्वासकिरणम्' योजनेने थोडंफार दाखवलं. अंथरुणाला खिळलेल्या किंवा पूर्णवेळ सोबत लागणाऱ्या माणसाची काळजी घेणाऱ्याला, त्यात मनोरुग्णाचा सांभाळ करणारेही आले, महिन्याला सहाशे रुपये द्यायचं या योजनेने ठरवलं. सहाशे रुपयांत काहीही होत नाही. पण सरकारी वहीत त्या कामाच्या नावाने एक रकाना तरी उघडला गेला.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. सरकारने कोणत्या सेवा पुरवायच्या याची यादी त्याच्या अठराव्या कलमात आहे. तिच्यात इस्पितळांबरोबर निमवस्तीची घरं आहेत, रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा आहेत आणि घरच्या घरी पुनर्वसनही आहे. कागदावर ही यादी बंगळुरूच्या प्रयोगाच्या फार जवळ जाते. पण त्याच २०१८ साली आलेल्या आयुष्मान भारत विमा योजनेतून पैसे मिळतात ते इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णासाठी. बाह्यरुग्ण विभागातली औषधं त्यात येत नाहीत, घरी येणाऱ्या परिचारिकेचं तर नावच नाही. एक कायदा घराकडे बोट दाखवतो आणि पैसा इस्पितळाकडे वळतो. चार शिलिंगांची गोष्ट जुनी झालेली नाही, ती मला यामुळे.

म्हणून घरची काळजी स्वस्त पडते असं कोणी म्हटलं, की त्या अंदाजपत्रकात मी तीन गोष्टी शोधते. परिचारिकेचं पद आहे का? तिला घरोघरी जाण्याचा भत्ता आहे का? आणि एकीच्या वाट्याला किती घरं, हे ठरवलं आहे का? या तीन ओळी नसतील, तर स्वस्ताई खरी आहे, पण तिचे पैसे दुसरंच कोणीतरी भरत आहे. बहुधा ती घरात सर्वांत शेवटी जेवणारी बाई असते. तिला विचारलं तर ती ओझं म्हणणार नाही. मीच करते, एवढंच म्हणेल.